खाडी आणि आखात

पांढुर्णा
रविवार, ८ एप्रिल १९८४

चि. श्रावण,

आई सांगते आहे आणि मी लिहून घेते आहे. शब्द तिचे, बोली तिची, नेहमीप्रमाणे.

"श्रावण बापा, जय भीम. आमी इकडं बरे हाओत. तुह्यं पत्र भेटलं. जहाजावर भात भेटते म्हनतोस, भाकर भेटत नाई का? कोनाले सांगून पाय ना. इकडं भल्लं ऊन तापून राहिलं. संत्र्याचे टरक चालले दिल्लीले, बांधावरची कामं सरली, मी घरीच हाओ. मंगला दर इतवारी सौंसरवरून येते, तुह्यं पत्र वाचून दाखवते. तिच्यासंग बोल ना बाबू. किती दिवस धरून बसशीन? मोठी बहीन हाये ती. हे लिहीत नाई म्हनून राहिली, पन म्या म्हनलं लिहाच लागन. जेवत जाय. तुही माय, शांताबाई."

आईचं संपलं. पानाची मागची बाजू कोरी आहे. कोरा कागद वाया घालवणं मास्तरकीत बसत नाही, म्हणून लिहिते. तुझ्याशी बोलायला मी उतावीळ झाले आहे असा समज करून घेऊ नकोस.

बाबा तिगाव स्टेशनावर पॉइंट्समन होते. नोकरीत असतानाच ते गेले, म्हणून त्यांच्या जागेवर तुला घ्यावं यासाठी मी नागपूरच्या ऑफिसात किती खेटे घातले ते तुला ठाऊक आहे. तू त्या नोकरीत एक पावसाळाही काढला नाहीस. मुंबईच्या कुठल्या एजंटाने तुझ्या कानात समुद्र भरला आणि तू निघालास. जाताना मला म्हणालास, "तुही नोकरी तूच कर." ते वाक्य माझ्याजवळ जपून ठेवलं आहे, काळजी करू नकोस. आज लिहायचं कारण वेगळंच आहे.

रेडिओवर हल्ली रोज इराण-इराकची लढाई असते. पूर्वी ती जमिनीवर होती, तोवर आपल्याला तिचं सोयरसुतक नव्हतं. आता ते एकमेकांचं तेल अडवायला जहाजांवर उठले आहेत. कुणाचं जहाज आहे, त्यावर कुठली माणसं आहेत, हे कोणी पाहत नाही. तुझं जहाज त्याच पाण्यातून तेल भरून आणतं. मी सौंसरला बातम्या ऐकते आणि मग मला बसवत नाही. भांडी घासलेली असली तरी पुन्हा घासते. घरचे म्हणतात, हिला झालं तरी काय.

आई मात्र अगदी निवांत आहे. मागच्या रविवारी आम्ही दोघी बसलो होतो आणि हिंदी बातम्या लागल्या. "खाड़ी में तेलवाहक जहाज पर हमला." मी आईकडे बघितलं तर ती आरामात लसूण सोलत होती. म्हणाली, "कोनाचे पोरं असतीन बिचारे. बरं हाये, आपला श्रावण खाडीत नाई. तो तं आखातात हाये."

मी हसणारच होते. मग लक्षात आलं, ती हे मनापासून म्हणते आहे. तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस, "मी आखातात पोचलो." नागपूरचा पेपरही आखातच लिहितो. आकाशवाणी हिंदीत खाडी म्हणते. आपल्या या सीमेवरच्या भागाचं हे दुखणंच आहे, सरकार हिंदीतून बोलतं आणि चूल मराठीतून. आईने त्या एका पाण्याचे दोन समुद्र केले, एकात लढाई ठेवली आणि दुसऱ्यात तुला ठेवलं.

मी भूगोल शिकवते. पाचवीतल्या पोराने ही चूक केली असती तर त्याला बाकावर उभं केलं असतं. पण बाबा गेले तेव्हा आई कशी झाली होती ते आपण दोघांनीही पाहिलं आहे. तोंडात घास घालावा लागायचा. म्हणून मी गप्प बसले. तूही पत्रात खाडी हा शब्द चुकूनसुद्धा लिहू नकोस. एवढंच सांगायचं होतं.

मंगला


पांढुर्णा
रविवार, २० मे १९८४

चि. श्रावण,

आधी आईचं.

"श्रावण बापा, जय भीम. बुद्धपौर्णिमेले विहारात खीर केली, तुही आठवन आली. राकेलची भल्ली मारामार हाये. रेशनच्या दुकानात पिपे घेऊन आमी बायका सकाळपासून उभ्या राह्यतो, अन् तो मानूस म्हनते, खाडीत लढाई हाये, तेल येऊन नाई राहिलं. म्या त्याले म्हनलं, काऊन बापा, माहा पोरगा आखातातून तेल आनून राहिला ना, ते कोठी जाते? साऱ्या बायका हासल्या. तू तिकडं जपून राह्य. शांताबाई."

आता माझं. हसायचं असेल तर हसून घे, मीही त्या दिवशी हसले. पण पुढचं वाच. पौर्णिमेच्या संध्याकाळी आईने विहारात दोन मेणबत्त्या लावल्या. एक बाबांची. दुसरी कोणाची म्हणून मी विचारलं, तर म्हणाली, "त्या खाडीतल्या पोराईची. त्याईच्या माया कुठी दूर असतीन, त्याईले इथून कोनी तं लावाव ना." मी तिच्या शेजारी हात जोडून उभी होते. त्रिसरणाचे शब्द मी लहानपणापासून म्हणते, पण त्या दिवशी मला ते म्हणता येईनात.

तुझं पत्र जहाज कंपनीच्या मुंबईच्या ऑफिसातून महिन्याने मिळालं. आईसाठी लिहिलेलं पान मी तिला वाचून दाखवलं, तुमच्या स्वयंपाक्याची मिशी, डेकवर वाळत घातलेली मिरची वगैरे. तिला ती मिरची फार आवडली, तीन वेळा वाचायला लावलं. माझ्या नावाचं वेगळं अर्धं पान मी बसस्टँडवर वाचलं. रात्री दिवे मालवून जहाज चालतं. बाहेर नांगर टाकून दिवस दिवस थांबता आणि आत जायची आज्ञा आली की कोणी कोणाशी बोलत नाही. तुमच्या पुढच्या जहाजाला आग लागलेली तू लांबून पाहिलीस, आणि तुमचं जहाज तिच्या बाजूने तसंच पुढे गेलं. हे तू मला का लिहिलंस? एवढे दिवस मला एक अक्षर नाही आणि लिहिलंस ते हे. सौंसरची बस लागली होती, ती माझ्यासमोर निघून गेली.

आणि खाली तुझी अट. सप्टेंबरअखेर तुझा करार संपतो. पुढे राहणार की उतरणार ते त्याआधी कळवायचं आहे. "आईला विचार. ती थांब म्हणाली तर थांबतो, ये म्हणाली तर जहाज बाहेर आलं की उतरतो. तुला विचारत नाही. आणि आईच्या नावाखाली तू घुसू नकोस. रेल्वेच्या अर्जावर माझी सही कोणी ठोकली होती ते मला माहीत आहे."

ठोकली होती. तू सापडत नव्हतास आणि मुदत संपत होती. पुन्हा वेळ आली तर पुन्हा ठोकीन. पण आईच्या सांगण्यात मी कधी काना-मात्रा बदललेली नाही, हे तुलाही माहीत आहे. माझ्याविरुद्ध बोलली तरी मी तसंच लिहिते.

तुझा प्रश्न मी अजून तिला विचारलेला नाही. विचारू कसा? "श्रावण तिथेच थांबू का म्हणतो," असं म्हटलं तर ती थांब म्हणेल. का नाही म्हणणार, तिच्या लेखी तू शांत पाण्यात आहेस. "त्याला परत बोलाव," असं मी म्हटलं तर का म्हणून विचारेल, आणि त्या का चं उत्तर माझ्याजवळ एकच आहे.

म्हणून तुझ्या पाया पडते, असं मी लिहिणार नाही, कारण तू लहान आहेस. पण अरे, तू सव्वीस वर्षांचा बाप्या आहेस. जळतं जहाज तू डोळ्यांनी बघतोस आणि निर्णय मात्र पांढुर्ण्याला लसूण सोलत बसलेल्या बाईवर टाकतोस? उतर. तुझं तूच ठरव आणि उतर.

मंगला


सौंसर
रविवार, १५ जुलै १९८४

चि. श्रावण,

या वेळी आईचं पान यात नाही. ते लिहून झालं आहे, पण माझ्या पिशवीत आहे. का ते सांगते.

जूनमध्ये दोन आठवडे मला पांढुर्ण्याला जाता आलं नाही. एकदा घरात सगळे तापाने पडले होते. दुसऱ्या रविवारी स्टँडवर दोन तास उभी राहिले, तर बस डिझेलसाठी अडकली आहे असं कळलं. कंडक्टर म्हणाला, "म्याडम, वो खाड़ी में जहाज जल रहे ना, उसी का असर है." नागपूरचा पेपर मी नीट वाचते, त्यात तर लिहिलं होतं की जगात तेलाचा भाव फारसा चढलेलाच नाही. जहाजांच्या विम्याचे दर चढले आहेत, मालक घाबरले आहेत, आणि ज्यांच्याकडे तेल आहे ते जपून सोडत आहेत. म्हणजे तेल आहे, पण भीती त्याच्यापुढे धावते. ती दोन दिवसांत सौंसरला पोचते, तेलाला मात्र महिना लागतो. रेशनवाल्याने राकेल मागच्या खोलीत सरकवलं, ट्रकवाल्यांनी भाडं वाढवलं, भाजीवालीने टमाट्याला त्याच लढाईचं कारण सांगितलं. तिला विचारलं, खाडी कुठे आहे माहीत आहे का? म्हणाली, "असन कुठीतरी मुंबईच्या तिकडं." मी वर्गात नकाशा काढून होर्मुझची सामुद्रधुनी दाखवली. एवढीशी ती चिंचोळी जागा, तिच्यातून निम्म्या जगाच्या चुली पेटतात, असं सांगितलं. एका मुलीने विचारलं, तिथे पूल का बांधत नाहीत? सगळे हसले. मला हसू आलं नाही. मी खडू घेऊन तिथेच उभी राहिले, त्या चिमटीत तुला शोधत.

तर मी नसताना तुझं दुसरं पत्र आलं. आई किती दिवस वाट पाहणार? ती ते घेऊन सायकल दुकानवाल्या हिरामणदादाकडे गेली. तो सरळ माणूस, त्याने सगळं वाचून दाखवलं. नशीब, तू त्यात जळत्या जहाजाचं काही लिहिलं नव्हतंस. फक्त पुन्हा तोच प्रश्न होता, आई सांग, थांबू का येऊ.

पुढच्या रविवारी मी गेले तर आई दारातच, चेहरा नुसता फुललेला. "पोरानं मले इचारलं. एवढा मोठा झाला तरी मले इचारते." बसू दिलं नाही, पाणी दिलं नाही. म्हणाली, कागद काढ. मी काढला. आणि तिने जे सांगितलं ते मी लिहून घेतलं. तुला त्यातलं एवढंच सांगते, की ती म्हणाली, "थांब बापा आखातातच. घाईनं येऊ नको. येतानी रस्त्यात ती खाडी लागन म्हनून मले भेव वाटते. तिथली लढाई सरू दे, मंग ये."

माझ्या हातून ते अक्षर कसं उमटलं मला माहीत नाही. घरातून निघताना तिने बजावलं, आजच पेटीत टाक. मी हो म्हटलं. पत्रपेटी रस्त्यातच होती. मी तिच्यासमोर उभी राहिले आणि पुढे गेले. तेव्हापासून ते पत्र माझ्या पिशवीत, वह्यांच्या मधे आहे. शाळेत, बाजारात, सगळीकडे माझ्यासोबत फिरतं आहे. मी चोर नाही. पण टाकू कसं?

ऐक, श्रावण. ती "थांब" म्हणाली, हे खरं आहे. मी लपवत नाही. पण तू ज्या पाण्याबद्दल विचारलंस त्याबद्दल ती बोललेलीच नाही. तू विचारलंस एक आणि तिने उत्तर दिलं दुसऱ्याच समुद्राचं. असलं उत्तर कोणत्या कोर्टात चालतं? ते धरू नकोस. तू आपल्या मनाने उतर, आणि आईला म्हण, कंटाळा आला म्हणून आलो.

मला चीड तुझी येते, आईची येते, त्या दोन देशांची येते, आणि माझी तर दिवसभर येते. रात्री पाऊस पडला की सगळे म्हणतात बरं झालं, पेरण्या साधल्या. मी उठून खिडकी लावते आणि पुन्हा उघडते.

लवकर लिही.

मंगला


पांढुर्णा
रविवार, २ सप्टेंबर १९८४

चि. श्रावण,

आज आधी माझं आणि मग आईचं. उलट क्रमाने वाचू नकोस.

तुझं उत्तर तू लिहिल्यापासून बाराव्या दिवशी, पोळ्याच्या आदल्या आठवड्यात मिळालं. या वेळी मुंबईच्या ऑफिसाने घाई केली, त्यांचं भलं होवो. तू लिहितोस, "आई थांब म्हणाली ना, मग मी थांबतो. तिला काय माहीत आहे आणि काय नाही, ते तुम्ही दोघी बघा." आणि खाली, "येऊन करू काय? पांढुर्ण्याच्या स्टँडवर उतरताच तुझं ते 'मी म्हणत होते' ऐकू? त्यापेक्षा इथले बॉम्ब बरे."

ते मी चार वेळा वाचलं. पहिल्यांदा तुझ्या नावाने बोटं मोडली. चौथ्यांदा मला दिसलं की यात गंमत थोडीच आहे. माझ्या जिभेला घाबरून माणूस बॉम्बखाली राहायला तयार आहे. तेव्हा लिहून देते. तू आलास तर 'मी म्हणत होते' हे तीन शब्द माझ्या तोंडून निघणार नाहीत. रेल्वेचं नाव काढणार नाही. तुला घरी बसायचं असेल तर बस, बागायतदारांच्या विहिरींवरचे पंप दुरुस्त करायचे असतील तर कर, तुझा हात त्यात चांगला होता. अगदीच राहवलं नाही तर मनातल्या मनात म्हणेन, तेवढी मुभा दे.

पण तू थांबतो म्हणालास, त्या क्षणी माझं गप्प बसणं संपलं. आईला सांगायलाच हवं होतं.

पोळ्याला शाळेला सुट्टी होती, म्हणून मी इथे आले. दुसऱ्या दिवशी गोटमार. तुला ठाऊकच आहे, त्या दिवशी दुकानं बंद, रस्त्यावर कोणी नाही, सगळं गाव जाम नदीच्या काठाला. या काठावर आपले, त्या काठावर सावरगावचे, आणि मधल्या पाण्यात पळसाचं झाड, वर झेंडा; तो काढायला जाईल त्याच्यावर दोन्हीकडून दगड. घरात बसूनही तो आवाज येत होता. आई भिंतीला टेकून बसली होती. मधेच म्हणाली, "पत्र भेटलं असन का गं श्रावणले? थांब म्हनून लिहिलेलं?"

मी म्हटलं, "आई, ते पत्र मी टाकलं नाही."

ती माझ्याकडे वळली.

"आई, खाडी अन् आखात एकच आहे. हिंदीत खाडी म्हणतात, मराठीत आखात. पाणी एकच. लढाई आहे तिथंच तो आहे."

किती सोपं होतं ते बोलणं. एवढे महिने मी ते तोंडात धरून होते आणि बोलायला चहा निवायला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. आई रडली नाही. मला भीती होती तसं तिला काही झालं नाही. उलट ती ताठ बसली आणि म्हणाली, "तू तं मास्तरीन हायेस. दुसऱ्याच्या लेकराईले खरं शिकवतेस, अन् मायले असं शिकवलं?"



मग तिने विचारलं, "त्या दोघाईची लढाई हाये, तं आपल्या पोरावर काऊन मारून राहिले?"

"तेल न्यायचं त्याच रस्त्याने. एकमेकांचं तेल अडवायला दोघेही जहाजांवर मारतात. कोणाचं जहाज आहे ते बघत नाहीत."

बाहेर नदीकडून मोठा गलका उठला, कोणीतरी झाडाजवळ पोचलं असावं. आईने मान त्या दिशेला वळवली. "म्हंजे दोन्ही काठावरून गोटे अन् तो मधी हाये."

"हो."

"अन् त्याच्या हातात काय हाये?"

"काही नाही. पाना. पाइप."

"झाडाजवळ जाते त्याले झेंडा तं भेटते. ह्याले काय भेटते?" असं म्हणून ती उठली आणि चहा ठेवायला लागली. स्टोव्ह पेटवला, भांडं ठेवलं, आणि त्या निळ्या जाळाकडे बघत बसली. पाणी आटून गेलं, तरी भांडं उतरवेना. शेवटी मी उतरवलं. "हे त्यानंच आनलं असन?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, असेलही, कोणी सांगावं. त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मी सौंसरला गेले, शाळा केली, काय शिकवलं मला आठवत नाही. आज सकाळी पहिल्या बसने आले. येताना सगळ्या वाटेत विचार करत होते की ती आता काय म्हणेल. ये म्हणेलच, असं वाटत होतं, आणि तरी खात्री नव्हती. एवढे दिवस मी तिला शांत ठेवलं होतं, पण ती काय विचार करते हे मी कधी विचारलंच नव्हतं.

आले तर ती आंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून तयार होती. कागद, पेन, सगळं पुढ्यात काढून ठेवलेलं. मी चप्पल काढत होते तेव्हाच म्हणाली, "लिही. अन् मधी काई बोलू नको."

मी बोलले नाही. एका ठिकाणी मात्र पेन थांबलं, ते तिने पुढे सांगितलंच आहे. तिने पुन्हा म्हणवून घेतलं आणि जसंच्या तसं लिहायला लावलं. यात माझा एकही शब्द नाही. आज दुपारीच मी हे स्टेशनावर जाऊन गाडीच्या टपालात देते, पेटीवर भरवसा ठेवत नाही. महिनाअखेरच्या आत तुला मिळायला हवं. बाकी आता तिचंच वाच.

मंगला

"श्रावण बापा, जय भीम. मंगलानं मले सारं सांगतलं. म्या थांब म्हनलं होतं, ते इसरून जाय. मले ठाऊक नोयतं. तिच्यावर रागवू नको, मी रागवून घेतलं.

आता मी सांगतो ते आयक. बुद्धपौर्णिमेपासून मी विहारात खाडीतल्या पोराईसाठी मेनबत्ती लावून राहिली. लोकं म्हनत, शांताबाईचं मन मोठं हाये. मोठं कायचं बापा. लावतानी दर खेपेले मनात म्हनो, बरं झालं, आपला त्याच्यात नाई. असं म्हननं चांगलं नाई. पन मी म्हनलं, अन् मले झोप बी चांगली लागे.

तू ये. तिथून उतर अन् ये. घरी काम भेटो का नाई भेटो, भाकर तं भेटन.

म्या दोन दिवस इचार केला. तू उतरशीन तं तुह्या जागी कोनीतरी चढन. जहाज काई तसंच उभं नाई राह्यनार, साऱ्या जगाले तेल पायजे, मले बी स्टोव्हात पायजे. तो कोनाचा तरी पोरगा असन. त्याची माय आज कुठीतरी निवांत बसली असन, तिले अजून काई ठाऊक नसन. तिचं गाव मले म्हाईत नाई. म्हाईत असतं, ती माह्या दारात येऊन उभी राह्यली असती, तरी म्या हेच म्हनलं असतं. मंगला लिहाची थांबली. म्या तिले म्हनलं, लिही, हे असंच लिही, माह्या पोराले माह्यं मन कसं हाये ते कळू दे.

तिच्या पोराले जाऊ दे बापा. तू ये."